पाताळाचे थर आणि त्यांचे राजे कसे रचावेत?

डोंबिवलीच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते मराठीत एक कल्पनारम्य कादंबरी लिहीत आहेत. तिचा नायक मुंबईतून जमिनीखाली उतरतो आणि सात थरांच्या पाताळातून प्रवास करतो. आग, बर्फ, विष, अंधार, वारा, राख आणि शून्य अशी एकेक ओळख त्यांनी प्रत्येक थराला दिली आहे आणि प्रत्येक थरावर एक राजा बसवला आहे. तरीही हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांना तिसऱ्या थरानंतर सगळे सारखेच वाटू लागते. असे का होते आणि काय करावे?

काल्पनिक जगे रचणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. काही जगे कादंबऱ्यांसाठी रचली, पण बहुतेक दादर-माटुंग्याच्या बैठकांत खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांसाठी, म्हणजे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात अशा खेळांसाठी रचली. अशा खेळात कंटाळलेला खेळाडू समोरच बसलेला असतो, त्यामुळे कोणता थर जिवंत आहे आणि कोणता नुसता रंगवलेला आहे हे लगेच कळते. त्या अनुभवावरून पहिली कसोटी सुचवतो. तुमच्या आराखड्यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या थराची अदलाबदल करून पाहा. कथेत काहीच मोडले नाही, तर ते एकाखाली एक असलेले थर नाहीत. एका लांबलचक व्हरांड्यावर ओळीने असलेल्या सात खोल्या आहेत. नायक एकेक दार उघडतो, आत डोकावतो आणि पुढे जातो. वाचकाला ही लय दुसऱ्या दारापाशीच समजते आणि तिसऱ्या दारापाशी त्याची उत्सुकता संपते.

आग, बर्फ आणि विष यांत दोष नाही. दोष त्यांना पहिले स्थान देण्यात आहे. थराचे रूप आधी ठरवले आणि त्याला शोभेल असा राजा नंतर शोधला, की आगीच्या थरात रागीट राजा येतो, बर्फाच्या थरात निष्ठुर राणी येते आणि दोघांनाही तिथे बसून राहण्याखेरीज काही काम उरत नाही. माझे ठाम मत असे आहे की आधी एकच गोष्ट ठरवावी: हा राजा खाली का आला, आणि आजही तो कोणाला भितो? या दोन उत्तरांतून भूमी आपोआप घडत जाते.

हे मत मी पुराणांवरून बनवले आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या चोविसाव्या अध्यायात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ या सात भूविवरांचे वर्णन आहे. ते शांतपणे वाचले, की जग रचण्याची फार प्रगल्भ रीत त्यात दिसते. मुळात हे सात लोक म्हणजे नरक नव्हेत. नरकांचे वर्णन त्याच स्कंधात पुढे सव्विसाव्या अध्यायात वेगळे येते. तिथे अठ्ठावीस नरक आहेत आणि त्यांचा अधिपती यम आहे. सात विवरांना मात्र भागवत ‘बिलस्वर्ग’ म्हणते आणि तिथले ऐश्वर्य स्वर्गाहून अधिक असल्याचे सांगते. मयासुराने उभारलेली नगरे, उद्याने आणि जलाशय तिथे आहेत, दिव्य औषधी आणि रसायने घेणाऱ्या रहिवाशांना रोग आणि वार्धक्य शिवत नाही. विष्णुपुराणातील नारद तर पाताळाहून परतल्यावर देवांच्या सभेत सांगतो की पाताळ स्वर्गापेक्षाही रम्य आहे. आपल्याकडचे नवे लेखक पाताळ आणि नरक यांची सर्रास सरमिसळ करतात आणि त्यामुळे शिक्षेखेरीज तिथे काही घडूच शकत नाही. तुमच्या सातही थरांत यातना आहेत. निदान दोन थर असे हवेत की जिथून नायकाला परत यावेसे वाटणार नाही.

आता राजांकडे पाहा. अतलात मयाचा पुत्र बल आहे. त्याने शहाण्णव प्रकारच्या माया निर्माण केल्या. तिथे येणाऱ्या पुरुषाला तिथल्या स्त्रिया हाटक नावाचा रस पाजतात आणि तो पिऊन माणूस स्वतःला ईश्वर समजू लागतो. वितलात हाटकेश्वर रूपातील शिव भवानीसह आहे. तिथे हाटकी नदी वाहते आणि वाऱ्याने चेतलेला अग्नी ती पिऊन जे थुंकतो त्याचे हाटक नावाचे सोने होते. वरच्या थरातील मोहाचा रस आणि खालच्या थरातील सोने यांना एकच नाव आहे, हे माझ्यासारख्या रचनाकाराला फार मोलाचे वाटते, कारण दोन थर कोणत्याही नकाशाविना एकमेकांना जोडले जातात.

सुतलात बळी आहे. वामनाने तीन पावलांत त्याचे सर्वस्व घेतले आणि त्याला खाली धाडले, पण त्याच सुतलाच्या दारात स्वतः विष्णू गदा घेऊन उभा आहे. दिग्विजयाच्या नादात रावण तिथे पोहोचला, तेव्हा या द्वारपालाने त्याला पायाच्या अंगठ्याने दूर भिरकावून दिले. ज्याने जिंकले तोच हरलेल्याच्या दारावर पहारा देतो आहे. हा पहारा कैद्यावरचा आहे की यजमानाच्या रक्षणासाठी आहे? दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत आणि म्हणूनच बळीशी होणारा कोणताही संवाद सपाट होऊ शकत नाही. शिवाय या राजाचे वरच्या जगाशी असलेले नाते तुटलेले नाही. आजही बलिप्रतिपदेला आपल्याकडे ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतात. ज्या राजाला वरच्या लोकांनी विसरायला हवे होते, त्याच्या राज्याची त्यांना अजून आस आहे. तुमच्या सात राजांपैकी एकाविषयी तरी वरच्या जगात अशी आस शिल्लक ठेवा. मग नायकाला खाली उतरण्याआधीच त्या राजाबद्दल काहीतरी वाटत असेल.

तलातलात मय आहे. त्रिपुराचा हा अधिपती. शिवाने त्याची तिन्ही पुरे जाळली आणि नंतर त्यालाच आश्रय दिला. त्या आश्रयामुळे त्याला सुदर्शनाचे भय नाही, असे भागवत मुद्दाम नमूद करते. इतर विवरांत सुदर्शन चक्र शिरले की भीतीने असुरस्त्रियांचे गर्भपात होतात, हे आधी सांगितलेले असल्यामुळे मयाच्या निर्भयपणाला वजन येते. त्याच्या खालच्या महातलात नागमाता कद्रूचे अनेक फण्यांचे वंशज आहेत: कुहक, तक्षक, कालिय, सुषेण. हे सर्व गरुडाला सतत भितात आणि तरीही कधीकधी बायकामुलांत आणि सोयऱ्यांत रमून गाफील होतात. त्याखाली रसातलात निवातकवच, कालेय आणि हिरण्यपुरवासी हे पणी नावाचे दानव राहतात. ते पराक्रमी आहेत, पण इंद्राची दूती सरमा हिच्या शब्दांमुळे त्यांना इंद्राचे भय वाटते. सरमा आणि पणी यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. म्हणजे या थराची भीती फार जुनी आहे आणि ती शस्त्राची नसून ऐकलेल्या बोलांची आहे.

सर्वांना समान असलेले एक भय, त्यातून सुटलेला एक राजा, गरुडाला भिणारा एक थर, आणि कधीकाळी ऐकलेल्या शब्दांना भिणारा दुसरा. एवढ्या सामग्रीवर महातल आणि रसातल यांची दृश्ये रंगवायला लागा आणि भूमी कशी आपोआप सुचते ते पाहा. आकाशातून येणाऱ्या शत्रूला भिणारे नाग मोकळी मैदाने ठेवणार नाहीत. त्यांचे रस्ते छताखालून जातील, अंगणांवर जाळ्या असतील, आणि उत्सवाच्या रात्री त्यातली एखादी जाळी लावायची राहून जाईल. शब्दांना भिणाऱ्यांच्या थरात प्रतिध्वनी मारण्यासाठी भिंतींवर काहीतरी मऊ लावलेले असेल आणि परक्या माणसाला बोलण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागेल. यातले काहीही पुराणात नाही; पण पुराणातील भीतीतून ते सरळ निघते.

भूमीविषयी बोलायचे तर विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात सात पाताळांच्या जमिनी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: पांढरी, काळी, तांबूस, पिवळी, वाळूखड्यांची, खडकाळ आणि सोन्याची. प्रत्येक थराची खोली दहा हजार योजने आहे. तिथे दिवसा सूर्याचे किरण उजेड देतात पण ताप देत नाहीत, आणि रात्री चंद्र प्रकाश देतो पण गारवा देत नाही. भागवतात मात्र सूर्यच नाही. नागांच्या फण्यांवरील मण्यांनी अंधार दूर होतो, दिवसरात्रीचे विभाग नाहीत, आणि त्यामुळे काळाचे भयही नाही. थरांची नावे आणि क्रमही दोन्ही पुराणांत जुळत नाहीत. विष्णुपुराणात सुतल सहावे येते. परंपरेनेच एकाहून अधिक रचना मान्य केल्या असल्यामुळे तुम्हालाही आपला क्रम लावण्याची मोकळीक आहे, मात्र त्या क्रमाला कारण हवे.

क्रमाचे कारण शोधण्यासाठी मुंबईत राहणाऱ्या लेखकाला पायाखाली पाहणे पुरेसे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला, तर खालच्या थरावर माती तयार झाली, पाणी साचले, जीव वाढले, आणि मग पुढच्या प्रवाहाने ते सगळे झाकून टाकले. घाटातील रस्त्यांच्या कापांत काळ्या खडकांच्या मध्ये भाजलेल्या लाल मातीचा पट्टा दिसतो, तो त्यातलाच. वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल, तर थिजलेल्या लाव्हाचे उभे षट्कोनी स्तंभ कसे दिसतात हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या एखाद्या थराच्या दरबाराला याहून चांगले खांब कल्पनेनेही मिळणार नाहीत. पण स्तंभांपेक्षा महत्त्वाचे हे, की इथला प्रत्येक थर एकेकाळी वरचा होता. तुमच्या पाताळालाही हाच नियम लावून पाहा: प्रत्येक राजा एकेकाळी पृष्ठभागावर राज्य करत होता आणि नंतर आलेल्याने त्याला झाकले. मग सर्वांत खालचा राजा सर्वांत दुष्ट असण्याची गरज उरत नाही. तो सर्वांत जुना असतो, त्याची भाषा सर्वांत अवघड असते आणि त्याच्याकडे असलेली तक्रार वरच्या सहाही राजांविरुद्ध असते.

आता तुमचा तिसरा, विषाचा थर घेऊन पाहू, कारण गाडी तिथेच अडते. समजा, तिथे राजाऐवजी राणी आहे. वरच्या युद्धात ती हरली आणि तहात तिला एवढेच मिळाले की वरून जे जे खाली पडेल ते तिचे. पण तिने वर हात करून काही मागायचे नाही. तिच्या राज्याचे आकाश म्हणजे मुंबईच्या विहिरींचे तळ. प्रत्येक विहिरीतून उजेडाचा एक गोल तवंग खाली झिरपतो आणि तिची प्रजा त्यांना तारे म्हणते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या, हा इतिहास आहे. खाली मात्र एकेक तारा विझत गेला आणि का विझतो आहे हे कोणालाच कळले नाही. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून गोड्या पाण्याची आहे. त्या एका ताऱ्याखाली आता तिची राजधानी दाटीवाटीने वसली आहे, कारण उरलेले राज्य अंधारात गेले. घागरींचे तुकडे, पितळी कड्या, लिमलेटच्या बाटल्यांतल्या गोट्या, पूजेचे नारळ, कोणीतरी रागाने फेकलेली अंगठी यांचे ढीग लावणे आणि वर्गवारी करणे हा तिथला मुख्य धंदा आहे. विष तिने निर्माण केलेले नाही. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी झिरपून आले आणि तहाच्या शब्दांनुसार तेही तिचेच ठरले.

इथून पुढे थर एकमेकांत अडकू लागतात. पाणी खाली जाते, उष्णता वर येते, आणि बातमी दोन्हीकडे जाते पण उशिरा पोहोचते. हे तीन प्रवाह प्रत्येक थरातून काढून पाहणे हा माझा नेहमीचा प्रघात आहे. राणी विषारी पाणी वाळूच्या टाक्यांतून गाळते आणि उरलेले चौथ्या थराला विकते. त्यामुळे चौथ्याचा अंधारातला राजा तिचा ऋणी आहे आणि तिचा द्वेषही करतो. चौथ्याच्या खालून येणारी ऊब बंद झाली, तर तिच्या टाक्या गोठतील. आता तिसरा आणि पाचवा थर बदलून पाहा. पाण्याचा व्यवहार, कर्ज आणि वैर सगळेच कोसळते.

काळाचा प्रश्नही लगेच सोडवून टाका, कारण सूर्य नसलेल्या जगात ‘सकाळ’ हा शब्द एकदा जरी निसटला, तरी वाचकाचा विश्वास डळमळतो. महाभारताच्या आदिपर्वात उत्तंक तक्षकाने पळवलेली कुंडले शोधत नागलोकात उतरतो, तेव्हा त्याला दोन स्त्रिया काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांनी वस्त्र विणताना दिसतात आणि सहा कुमार बारा आऱ्यांचे चक्र फिरवताना दिसतात. दिवस, रात्र, ऋतू आणि वर्ष खालीच विणले जातात, अशी ती कल्पना आहे. तुमच्या कथेत एवढे भव्य काही नको असेल, तर मुंबईने दिलेले घड्याळ वापरा. भरती-ओहोटी रोज साधारण दोनदा होते, पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे आपण सगळे वाचतो, आणि खडकांच्या भेगांतून तो दाब खाली जाणवेलच. पहिल्या दोन थरांनी भरतीवर वेळ मोजावी, तिसऱ्याने ताऱ्यांच्या उजेडावर, आणि त्याखाली मोजमाप बदलत जावे. नायकाचे मनगटी घड्याळ दुसऱ्या थरात बंद पाडण्यापेक्षा ते चालू ठेवा. खालच्या कोणालाही त्याचा काही उपयोग नसणे अधिक बोलके आहे.

एका थरातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटांवर मी थोडक्यात लिहितो, कारण तुमच्या पायऱ्या आणि भुयारे ठीक आहेत. फक्त प्रत्येक वाटेची किंमत निराळी हवी. प्राचीन सुमेरमधल्या कथेत इनाना देवी पाताळाची राणी एरेश्किगल हिच्याकडे जाताना सात दारांतून जाते आणि प्रत्येक दारात तिला एक अलंकार किंवा वस्त्र उतरवावे लागते. मेक्सिकोच्या अझ्टेकांच्या मिक्तलान या मृतांच्या लोकात मृताला नऊ टप्पे ओलांडायला चार वर्षे लागतात. चिनी पाताळात दहा न्यायसभा आहेत आणि प्रत्येकीवर एक राजा आहे, त्यात आपल्या यमाचे चिनी रूपही आहे. तिथे प्रवास हा दप्तरांमधून फिरणाऱ्या प्रकरणासारखा होतो. आपल्या उद्योगपर्वात इंद्राचा सारथी मातली नारदाला घेऊन नागलोकात जातो तो मुलीसाठी वर शोधायला. पाताळात उतरण्याचे कारण इतके घरगुती असू शकते, हे वाचल्यावर माझ्या अनेक जगांतील दारे बदलली. मुंबईतच वाट हवी असेल, तर वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आहे: समुद्रापासून अगदी जवळ असूनही तिथले पाणी गोडे आहे आणि रामाच्या बाणाने ती पाताळातली गंगा वर आली, अशी कथा सांगितली जाते. बाण जिथून गेला ती फट दोन्ही बाजूंनी उघडी आहे असे मानायला लेखकाला कोणाचीच परवानगी नको.

तुमच्या सातव्या, शून्याच्या थराबद्दल मला सर्वांत अधिक आशा वाटते. भागवतात पाताळाच्याही तीस हजार योजने खाली अनंत म्हणजे शेष आहे, आणि त्याच्या हजार फण्यांपैकी एकावर ही सगळी पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी दिसते. तळाशी राज्य करणारा कोणी नाही; तोलून धरणारा आहे. त्याला शत्रू नाही, प्रजा नाही, दरबार नाही, आणि तो जराही हलला तर वरचे सातही थर हलतील. तुमच्या सातव्या राजाचे सिंहासन, मुकुट आणि सेना काढून टाका आणि त्याला असे एखादे काम द्या की जे थांबवता येत नाही. नायकाशी झालेली त्याची बातचीत एका पानाहून मोठी होऊ देऊ नका, कारण त्याला बोलायला वेळ नाही.

सात थरांपैकी सगळेच सारख्या लांबीने दाखवण्याची गरज नाही. वारा आणि राख या दोन थरांत नायकाला उतरवूच नका. त्यांच्याविषयी इतर थरांतल्या लोकांकडून फक्त ऐकू द्या, आणि ऐकलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळू देऊ नका. अशी वाचवलेली पाने तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या वैराला द्या, आणि काही परतीच्या वाटेसाठी राखून ठेवा, कारण तुमच्या आराखड्यात परतीला जेमतेम एक प्रकरण आहे. इनानालाही आपल्या जागी दुसरे कोणी दिल्याशिवाय वर जाता आले नव्हते. तुमचा नायकही वरूनच खाली आलेला आहे. तहाच्या शब्दांप्रमाणे जे पडेल ते राणीचे, म्हणजे तोही तिचाच ठरतो. मग तो कोणत्या आधारावर सुटतो, याचे उत्तर तुम्हाला त्या तहाच्याच मजकुरात शोधावे लागेल, आणि त्यासाठी तो मजकूर शब्दशः लिहून काढण्यापासून सुरुवात करावी.